लेकीची वही आणि अटकेचा अधिकार

बचत गटाच्या आजच्या कार्यक्रमात हिशेब नाही, कर्जाचे हप्ते नाहीत आणि पापड-लोणचंही नाही. आज आम्ही एका वहीबद्दल बोलणार आहोत.

वही आमच्या गटातल्या एका मावशींच्या लेकीची. ही पोरगी पहाटे चारला उठून डांबरी रस्त्यावर पळायची, तेव्हा पारावरची माणसं हसायची. गेल्या वर्षी ती पोलीस भरतीत लागली. आता ती शिपाई म्हणून प्रशिक्षण घेते आहे. दिवाळीच्या सुट्टीत घरी आली आणि तिच्याकडून कळलं, की तिकडे शिक्षणाचे दोन भाग असतात. आऊटडोअर म्हणजे कवायत, दौड, लाठी, बंदूक. इनडोअर म्हणजे वर्गात बसून कायदा. त्या इनडोअरची दोनशे पानी वही तिने बरोबर आणली होती, सुट्टीनंतर परीक्षा म्हणून. आम्ही म्हटलं, अगं, मोठ्याने वाच, आम्हीही ऐकतो.

ऐकायचं कारण होतं. आषाढात आमच्या एका सदस्य ताईंचं भावकीशी बांधावरून भांडण झालं. शिवीगाळ दोन्हीकडून झाली. भावकीने तक्रार दिली, तिची एनसी झाली. संध्याकाळी सातला ताईंना फोन आला: ताबडतोब स्टेशनला या, नाहीतर उचलून आणू. नवरा पुण्याला कामाला. आम्ही चौघी जीप करून ताईंबरोबर गेलो. साडेदहापर्यंत बाकावर बसवलं. कोणी मारलं नाही, हात लावला नाही. शेवटी एक कागद पुढे केला, सही घेतली आणि जा म्हणाले. कागद वाचू दिला नाही. एवढंच झालं. पण दुसऱ्या दिवशी गावभर झालं, की तिला रात्री पोलिसांनी नेलं होतं. ताई पुढच्या तीन बैठकांना आल्या नाहीत. हप्ता पोराच्या हाती पाठवायच्या.

तर आता वही. पहिल्याच पानावर दोन शब्द, लाल शाईने: दखलपात्र आणि अदखलपात्र. खून, दरोडा, बलात्कार हे दखलपात्र गुन्हे. यात पोलीस स्वतःहून तपास करतात आणि वॉरंटशिवाय अटक करू शकतात. साधी शिवीगाळ, किरकोळ मारहाण ही अदखलपात्र. यात न्यायदंडाधिकाऱ्यांच्या हुकमाशिवाय तपास नाही आणि वॉरंटशिवाय अटक नाही. आपण ज्याला एनसी म्हणतो ती हीच. नवऱ्याने मारलं म्हणून बाई तक्रार द्यायला जाते आणि एनसी घेऊन परत येते, तेव्हा पोलिसांनी हात झटकले असं आपण म्हणतो. तोच शब्द त्या दिवशी ताईंच्या बाजूने होता. एनसीमध्ये त्यांना कोणी असं उचलून आणू शकत नव्हतं. नाव-पत्ता सांगायला नकार दिला किंवा खोटा सांगितला, तर गोष्ट वेगळी. पण ताईंचं नाव, पत्ता, गट नंबर सगळं त्यांच्याकडे होतंच.

पोरीने पुढचं वाक्य जरा छाती काढून वाचलं: दखलपात्र गुन्ह्यात ‘कोणताही पोलीस अधिकारी’ अटक करू शकतो, आणि यात शिपाईही येतो. म्हणजे उद्या ही आमच्यासमोर वाढलेली पोरगी कोणाच्याही दंडाला धरू शकते. मावशींच्या डोळ्यांत पाणी आलं. आमच्या मनात मात्र तो बाक होता.

हा अधिकार आला कुठून? आमच्यातल्या एकीने बी.ए.ला इतिहास घेतला होता, म्हणून शोधायची जबाबदारी तिच्यावर पडली. आज सांगतोय ते तिने तालुक्याच्या ग्रंथालयात बसून काढलेलं आणि आम्ही सगळ्यांनी मिळून समजून घेतलेलं.

१८५७ च्या बंडानंतर इंग्रजांनी घाईघाईने कायदे केले. १८६० ला दंड संहिता, १८६१ ला पोलीस कायदा आणि फौजदारी प्रक्रिया संहिता. रयतेला धाकात ठेवायचं हे पोलिसांचं पहिलं काम होतं. पण इंग्रजांचाही आपल्या पोलिसांवर विश्वास नव्हता. मारून मुटकून कबुली घेतात हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून १८७२ च्या पुरावा कायद्यात लिहिलं, की पोलिसापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालणार नाही. १९०२ मध्ये फ्रेझर साहेबांचा आयोग नेमला गेला. त्याने पोलीस खातं भ्रष्ट आणि जुलमी समजलं जातं, प्रशिक्षणात कच्चं आहे असं स्पष्ट लिहिलं. त्यानंतर पोलिसांच्या शाळा नीट उभ्या राहू लागल्या. आपल्याकडची १९०६ मध्ये पुण्याजवळ भांबुर्ड्याला सुरू झाली आणि १९०९ मध्ये नाशिकला गेली. फौजदार तयार करणारी नाशिकची अकादमी ती हीच. पोलिसाला कायदा शिकवावा लागतो हे सरकारला कळायला अशी चाळीसहून जास्त वर्षं गेली.

वहीच्या पुढच्या पानावर चौकट होती: चोवीस तास. अटक केलेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करायचं, प्रवासाचा वेळ सोडून. अटकेचं कारण सांगायचं. वकिलाला भेटू द्यायचं. चोवीस तासांचा नियम इंग्रजांच्या संहितेतही होता. मग घटनेत कशाला घातला? १५ सप्टेंबर १९४९ ला बाबासाहेब आंबेडकरांनी घटना समितीत हे कलम मांडलं, आजचं कलम २२. आधीच्या एका कलमातून नागरिकाचं संरक्षण पातळ झालं होतं, त्याची भरपाई म्हणून त्यांनी हे आणलं. यातल्या गोष्टी साध्या कायद्यात आहेतच, असं त्यांनीही मान्य केलं. पण साधा कायदा विधिमंडळ कधीही बदलू शकतं. घटनेत लिहिलं की ते इतकं सोपं राहत नाही. घराचं खरेदीखत कपाटात ठेवायचं की बँकेच्या लॉकरमध्ये, असा तो फरक.

त्यानंतरचं पान आमच्यासाठी सगळ्यात जड गेलं. त्यावर लिहिलं होतं, की साक्षीसाठी किंवा चौकशीसाठी बाईला तिच्या राहत्या घराशिवाय दुसरीकडे बोलवता येत नाही, आणि बोलवायचं ते लेखी हुकमाने. पूर्वी हे कलम १६० होतं, आता नव्या संहितेत १७९. लहान मुलं, साठीपुढचे पुरुष, अपंग आणि गंभीर आजारी माणसं यांनाही हीच सवलत आहे.

हे ऐकून ताई पहिल्यांदा बोलल्या. म्हणाल्या, “म्हणजे मला जायचंच नव्हतं?”

या कलमाच्या बाबतीत एकाच वर्षी दोन गोष्टी घडल्या, आणि त्या शेजारी शेजारी ठेवून पाहायला हव्यात. वर्ष १९७८. न्यायालय एकच, दिल्लीचं सर्वोच्च न्यायालय.

पहिली गोष्ट नंदिनी सत्पथी यांची. त्या ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री. १९७७ मध्ये भ्रष्टाचाराच्या चौकशीसाठी त्यांना कटकच्या दक्षता विभागाच्या पोलीस ठाण्यात बोलवलं आणि लेखी प्रश्न दिले. त्यांनी उत्तरं द्यायला नकार दिला, म्हणून त्यांच्यावर खटला झाला. एप्रिल १९७८ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकाल दिला. स्वतःला गुन्ह्यात अडकवणारी उत्तरं देण्याची सक्ती करता येत नाही, हे त्यात आहे. शिवाय त्यांनी हेही लिहिलं, की बाईला ठाण्यात बोलवणं हेच कलम १६० च्या विरुद्ध आहे. पोलिसांना त्यांनी चांगलं खडसावलं.

दुसरी गोष्ट आपल्या महाराष्ट्रातली. देसाईगंज, म्हणजे वडसा. आज गडचिरोली जिल्ह्यात, तेव्हा चंद्रपुरात. २६ मार्च १९७२ ची रात्र. मथुरा नावाची आदिवासी मुलगी, वय चौदा ते सोळा, आईबाप लहानपणीच वारलेले, भावाबरोबर मजुरी करून राहणारी. तिला एका मुलाशी लग्न करायचं होतं. भावाने तक्रार दिली, की तिला फूस लावून पळवलं. रात्री नऊच्या सुमारास सगळ्यांना ठाण्यात आणलं, जबाब झाले. साडेदहाच्या सुमारास जबाब घेणारा हवालदार घरी गेला. बाकीच्यांना बाहेर जायला सांगितलं आणि मुलीला थांबवून घेतलं. तिची माणसं बाहेर ताटकळत उभी राहिली. आतले दिवे गेले. ठाण्यातल्या दोन पोलिसांवर पुढे खटला चालला, एकावर बलात्काराचा आणि दुसऱ्यावर विनयभंगाचा.

१९७४ मध्ये सत्र न्यायालयाने दोघांना सोडलं. १९७६ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ते फिरवून शिक्षा दिली. धाकापोटी गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, असं त्या न्यायाधीशांनी म्हटलं. आणि सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोघांना पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, अशी कारणं दिली.

एप्रिल ते सप्टेंबर, पाच महिने. एप्रिलमध्ये याच न्यायालयाने सांगितलं होतं, की बाईला ठाण्यात बोलवायचं नाही. सप्टेंबरच्या निकालात मात्र त्या मुलीला रात्री ठाण्यात का आणलं आणि का थांबवून घेतलं, याबद्दल एक शब्दही नाही. हे आमचं म्हणणं नाही. उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सप्टेंबर १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं, त्यात हाच सवाल होता. आम्ही ते ऐकलं तेव्हा वाटलं, बरोबर, आधी तिथेच बोट ठेवायला हवं होतं. बलात्काराच्या आधी एक गुन्हा घडला होता: ती रात्री त्या ठाण्यात होती हाच. माजी मुख्यमंत्री बाईंसाठी जे कलम उभं राहिलं, ते मजूर पोरीसाठी कोणाला आठवलंही नाही.

त्या पत्रावरून देशभर बायका जाग्या झाल्या. ८ मार्च १९८० ला मुंबई, दिल्ली, नागपूर अशा शहरांत मोर्चे निघाले. मथुरेला न्याय मिळाला नाही, तिचा निकाल तसाच राहिला. पण १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलिसाने ठाण्यात किंवा ताब्यातल्या बाईवर बलात्कार केला तर किमान दहा वर्षांची शिक्षा आली. संबंध आला हे सिद्ध झालं आणि बाई म्हणाली की माझी संमती नव्हती, तर न्यायालयाने ते खरं धरून चालायचं, असंही आलं. पोरीच्या वहीत हे एका ओळीत होतं: ‘१९८३ ची दुरुस्ती.’ गावाचं नाव नव्हतं. आम्ही तिला समासात देसाईगंज लिहायला लावलं.

त्याच १९८३ मध्ये शीला बारसे या पत्रकार बाईंच्या पत्रावरून दुसरा निकाल आला. मुंबईच्या तुरुंगातल्या पंधरा बायकांशी त्या बोलल्या होत्या. त्यातल्या पाच जणींनी सांगितलं, की पोलिसांच्या लॉकअपमध्ये आम्हाला मारलं. न्यायालयाने सांगितलं, की बायकांसाठी वेगळे लॉकअप ठेवा, तिथे महिला शिपाई नेमा, महिला पोलिसांसमोरच त्यांची चौकशी करा, अटक झाली की नातेवाइकाला कळवा. निकाल मुंबईपुरता होता, पण आज प्रशिक्षणात शिकवतात त्यातलं बरंच त्यात आहे. लॉकअपवर महिला शिपाई हवी, तर आधी महिला शिपाई भरायला हवी, हेही ओघाने आलंच. आमच्या पोरीच्या नोकरीची एक मुळी त्या पंधरा बायकांपर्यंत जाते, असं आम्हाला वाटतं.

आता सूर्यास्ताचा नियम. हा आपल्यापैकी बऱ्याच जणींना ऐकून माहीत असतो, पण अर्धाच. त्याचं मूळ नागपुरात आहे. जून १९९२ मध्ये तिथे पोलिसांनी एका माणसाला रात्री घरातून नेलं आणि मारहाणीत तो गेला. त्याच्या बायकोलाही त्रास दिला गेला. एका संस्थेने उच्च न्यायालयात दाद मागितली. नागपूर खंडपीठाने सांगितलं, की महिला शिपायाशिवाय बाईला अटक नाही, आणि सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात तर कोणत्याही परिस्थितीत नाही. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २००३ मध्ये हा नियम सैल झाला. तातडीची गरज असेल तर कारणं लिहून अटक करता येईल, असं ठरलं. मग संसदेने २००५ मध्ये कायद्यातच दुरुस्ती केली आणि ती २००६ पासून लागू झाली. आजही तेच आहे. दिवस मावळल्यापासून उजाडेपर्यंत बाईला अटक नाही. अगदी अपवाद असेल, तर महिला पोलीस अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्यायची. आधी, हा शब्द पोरीने दोनदा अधोरेखित केला होता. नागपूरच्या त्या पोलिसांना खालच्या कोर्टात तीन वर्षांची शिक्षा झाली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती सात वर्षांवर नेली, पण कधी? २०१८ मध्ये, घटनेनंतर सव्वीस वर्षांनी.

वहीत आणखी बरंच होतं. १९९४ चा जोगिंदर कुमार निकाल: एका तरुण वकिलाला पाच दिवस असंच अडकवून ठेवलं होतं. अटक करता येते म्हणून ती केलीच पाहिजे असं नाही, गरज काय ते दाखवा, असं न्यायालय म्हणालं. त्यात राष्ट्रीय पोलीस आयोगाचा आकडा आहे. जवळजवळ साठ टक्के अटका अनावश्यक किंवा असमर्थनीय. मग १९९६ चा डी. के. बसू निकाल: पोलिसाच्या छातीवर नावाची पट्टी, अटकेचा कागद, त्यावर साक्षीदाराची आणि अटक झालेल्याची सही, घरच्यांना कळवणं, डॉक्टरी तपासणी. पोरगी हे पाढ्यासारखं म्हणून दाखवत होती.

एका पानावर मात्र आमच्यातच वाद झाला. २०१० पासून कायदा असा आहे, की सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा असेल तर अटकेचं कारण लिहून दाखवावं लागतं. कारण नसेल तर नोटीस देऊन बोलवायचं. २०१४ मध्ये अर्नेश कुमार निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे पोलिसांना बजावून सांगितलं, आणि तो खटला नेमका ४९८-अ चा, सासरच्या छळाचा होता. आमच्यातल्या दोघी चिडल्या. म्हणाल्या, बाईला जाळायला निघालेल्या नवऱ्याला नोटीस कसली द्यायची? त्यांचं खोटं नाही. नोटिशीच्या नावाखाली काहीच न करणारे पोलीस आम्ही पाहिले आहेत. तसं केलं तर तोही कायदा मोडणंच आहे, कारण पुन्हा गुन्हा होण्याची किंवा बाईला धमकावण्याची भीती असेल तर अटक करायला हा कायदा अडवत नाही. पण त्याच निकालात एक आकडा आहे. २०१२ मध्ये देशभरात या कलमाखाली १,९७,७६२ माणसांना अटक झाली, आणि त्यात ४७,९५१ बायका होत्या. जवळपास चौथा हिस्सा. नवऱ्याची आई, बहीण, भावजय. हे ऐकल्यावर आमच्यातल्या सासवा गप्प झाल्या आणि सुनाही. वाद मिटला नाही, आणि आम्हीही तो मिटवायला गेलो नाही.

१ जुलै २०२४ पासून जुन्या संहिता गेल्या आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. कलमांचे आकडे बदलले. पोरीच्या वर्गात शिकवणारे गुरुजी जुना आकडा बोलून जातात आणि मग नवा सांगतात, म्हणून तिने दोन रकाने आखले आहेत: ४१ चं ३५, १६० चं १७९, सूर्यास्ताचं ४६ चं ४३. एक गोष्ट नवी आहे. तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात आजारी-अशक्त किंवा साठीपुढच्या माणसाला अटक करायची असेल, तर उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची परवानगी लागते. आमच्या गटातल्या आजीबाईंनी हे लगेच लिहून घ्यायला सांगितलं.

सगळं वाचून झाल्यावर ताईंनी विचारलं, “मग मला फोन करणारा पोलीस हे शिकला नव्हता का?”

पोरगी म्हणाली, “शिकला असणार, मावशी. परीक्षेला येतो हा प्रश्न.”

ताई कितीतरी वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनीच उलट विचारलं, “तुझ्या ड्युटीवर साहेब रात्री म्हणाले, चल, त्या बाईला घेऊन येऊ. तू काय करशील?”

वहीत याचं उत्तर नव्हतं. पोरीने पानं चाळली आणि म्हणाली, “लेखी हुकूम मागेन.” तिची आई चुलीपाशी होती. तिथूनच म्हणाली, “नवी नोकरी आहे, पहिल्या दिवशी साहेबांच्या तोंडी लागू नको.” पोरगी काही बोलली नाही. आम्हीही बोललो नाही, कारण त्या रात्री बाकावर आम्ही चौघी होतो आणि आमच्यापैकीही कोणी काही मागितलं नव्हतं.

सुट्टी संपली, पोरगी गेली. जाण्याआधी आम्ही तिच्या वहीच्या दोन पानांची झेरॉक्स काढली, १७९ ची आणि ४३ ची. एक प्रत गटाच्या पेटीत आहे, बँकेच्या पासबुकांबरोबर. दुसरी ताईंनी मागून नेली. त्या आता बैठकीला येतात. मागच्या महिन्यात बांधाच्या भांडणात पुन्हा फोन आला, तेव्हा त्या म्हणाल्या, की नोटीस लेखी पाठवा, मी घरीच आहे. त्यानंतर अजून कोणी आलेलं नाही.